बेरोजगारी 3.2 टक्के, मग काम नसलेले सगळे कामचुकार?

नागपुरात सध्या मोबाइलवर एक संदेश सर्रास फिरतो आहे. कोरोनात बुडालेली अर्थव्यवस्था सावरली, बेरोजगारीचा दर 6 टक्क्यांवरून 3.2 टक्क्यांवर आला, भविष्य निर्वाह निधीत दरमहा लाखो सदस्य वाढत आहेत, तेव्हा अजूनही जो रिकामा आहे तो कामचुकार आहे, असे त्याचे म्हणणे.

दराचे आकडे खरे आहेत. केंद्र सरकारच्या श्रमबल सर्वेक्षणात 2017-18 मध्ये हा दर 6 टक्के होता आणि 2023-24 मध्ये 3.2 टक्के. मात्र मधली वर्षे संदेशाने गाळली आहेत. जुलै 2020 ते जून 2021 या सर्वेक्षण वर्षात दर 4.8 वरून 4.2 टक्क्यांवर उतरला होता. त्याच वर्षात, मार्च 2021 मध्ये, नागपुरात पुन्हा कडक टाळेबंदी लागली होती आणि 2020-21 या आर्थिक वर्षात देशाचे उत्पन्न सुमारे 6 टक्क्यांनी घटले होते. सीताबर्डीची दुकाने बंद असतानाही जो दर सुधारतो, त्याला सावरण्याचा पुरावा कसे म्हणायचे?

असे घडते याचे कारण मोजणीच्या पद्धतीत आहे. ठिय्यावर, म्हणजे मजूर कामासाठी जमतात त्या नाक्यावर, उभ्या राहणाऱ्या मजुराचे वर्ष मुख्यतः काम शोधण्यात गेले, पण मध्ये किमान 30 दिवस काही काम मिळाले, तर प्रचलित व्याख्येनुसार तो रोजगारात धरला जातो. पुण्यातील नोकरी गेल्यावर काटोलला परतून वडिलांच्या संत्र्याच्या बागेत राबणारा मुलगा एक रुपयाही न घेता ‘रोजगारात’ असतो. असे परतणे किती झाले, याचा अंदाज शेतीतील वाट्यावरून येतो. देशातील कामकऱ्यांपैकी शेतीत असणारे 2018-19 मध्ये 42.5 टक्के होते, ते 2020-21 मध्ये 46.5 टक्के झाले आणि 2023-24 मध्येही 46.1 टक्के होते. कारखाने सुरू झाले, तरी शेतीवर आलेला भार फारसा उतरला नाही. नियमित पगारदारांचा वाटा तर 2017-18 च्या 22.8 टक्क्यांवरून 21.7 टक्क्यांवर आला.

महिलांचा श्रमसहभाग, म्हणजे काम करणाऱ्या किंवा काम शोधणाऱ्या महिलांचे प्रमाण, याच काळात 23.3 वरून 41.7 टक्क्यांवर गेला, ही वाढ मोठी आहे आणि ती नाकारण्याचे कारण नाही. परंतु काम करणाऱ्या महिलांपैकी एक तृतीयांशाहून अधिक जणी घरच्याच शेतीत किंवा धंद्यात विनामोबदला मदतनीस आहेत, हे त्या वाढीसोबत सांगायलाच हवे.

भविष्य निर्वाह निधीच्या सदस्यांबद्दल थोडक्यात. हा कायदा साधारणतः 20 कामगारांच्या आस्थापनेपासून लागू होतो. हिंगण्यातील एखाद्या कारखान्यात 19 जण असताना विसावा आला, तर नोकरी एक वाढते आणि खाती वीस उघडली जाऊ शकतात.

राहिला ‘कामचुकार’ हा शब्द. बेरोजगार म्हणून मोजला जातो तो काम शोधणारा किंवा कामासाठी उपलब्ध असलेला माणूस. ज्याला काम नकोच आहे, तो या 3.2 टक्क्यांत येतच नाही. आणि खेड्यातली माणसे काम टाळतात का, हे पाहायचे तर रोजगार हमीवर देशभरात 2019-20 मध्ये सुमारे 265 कोटी मनुष्यदिवस काम झाले होते, ते 2023-24 मध्ये 300 कोटींच्या वर गेले. त्या वर्षी महाराष्ट्रात या कामाची मजुरी दिवसाला 273 रुपये होती.