जे परत आले नाहीत, त्यांची नावं कापू नका

बडोद्यातल्या आमच्या मंडळाची व्यायामशाळा आता पुन्हा पूर्ण वेळ सुरू झाली. वयाची अट गेली, पोरांना मोकळीक मिळाली, कॅरमचा हॉलही उघडला. मनापासून आनंद झाला. पण बैठकीत एक सूचना आली आहे: कोरोनाच्या काळात ज्यांची वर्गणी थकली, त्यांची नावं यादीतून काढायची. तिला माझा ठाम विरोध आहे. मंडळातले बरेच जण ही पोस्ट वाचतील, म्हणून इथेच लिहितोय.

जरा आठवा. 5 ऑगस्ट 2020 पासून सरकारनं जिम उघडायला परवानगी दिली, तेव्हाचे नियम काय होते? दोघांत सहा फूट अंतर, माणशी चार चौरस मीटर जागा. आणि 65 वर्षांवरच्यांनी व 10 वर्षांखालच्या मुलांनी बंदिस्त व्यायामशाळेत येऊ नये, असा सल्ला. नियम योग्यच होते, तेव्हा लसही नव्हती. पण आपल्याकडे पहाटे येतं कोण? पेन्शनर मंडळी. संध्याकाळी? चिमुरडी पोरं. ज्यांना आपणच हात जोडून घरी थांबवलं, त्यांच्याकडेच आता थकबाकी मागायची?

शिवाय मल्लखांब सहा फुटांवरून शिकवता येतच नाही. नवख्या पोराला पहिली उडी मारताना कमरेला उस्तादांचा हात लागतो. तो हात आहे म्हणून पोर डोकं खाली करून पाय वर टाकतं. मोबाइलवर पोरं सूर्यनमस्कार घालत राहिली, ते चांगलंच झालं. पण आता खांबाला एरंडेल चोळून त्यांना उभं केलं, तर चांगली तयार झालेली पोरंसुद्धा बिचकतात. त्यांना वेळ द्यावा लागणार.

कुस्तीच्या हौदाचंही तेच. माती इतके दिवस उकरली नव्हती. फावडं मारलं तर ढेकळं निघाली, दगडासारखी. ती फोडली, चाळली, ताक, तेल, हळद घालून पुन्हा कालवली, तेव्हा कुठे ती कुस्तीच्या लायक झाली. मातीसाठी आपण एवढं केलं, ते बरंच केलं. माणसांसाठी काय केलं? फाटकावर ‘सभासदांचे स्वागत’ असा बोर्ड लावला.

आमच्या गल्लीत एक काका आहेत, पंच्याहत्तरी ओलांडलेले. रोज पहाटे झेपतील तेवढ्या बैठका मारून बाकावर मराठी आणि गुजराती, दोन्ही पेपर वाचून काढायचे. परवा त्यांना म्हटलं, “काका, चला की आता.” तर म्हणाले, “अरे, कोणाकडे येऊ? माझ्या बाकावरचे तिघं गेले.” यावर मला काही बोलता आलं नाही. वर्गणीचा प्रश्नच नाही तिथे. त्यांना कोणीतरी घरी जाऊन, हाताला धरून आणायला हवं.

आणि ही रीत बडोद्याला नवी नाही. सयाजीराव महाराजांनी 1910 साली अमेरिकेतून ग्रंथपाल बॉर्डनसाहेबांना बोलावून वाचनालयांचं काम उभं केलं. त्यात गावोगाव पुस्तकांच्या पेट्या पाठवायची सोय होती. वाचक वाचनालयापर्यंत येईल याची वाट बघत महाराज बसले नाहीत. जुम्मादादा आणि माणिकरावांसारख्या व्यायामगुरूंच्या शहरातली व्यायामशाळा आपल्याच माणसांच्या दारी जाऊ शकत नाही?

माझं म्हणणं एवढंच: कोरोनाकाळाची सगळी थकबाकी माफ करावी, पहाटेचा पहिला तास ज्येष्ठांसाठी राखावा, बाक सावलीत हलवावेत. ज्यांना कोरोना होऊन गेला, त्यांनी डॉक्टरांना विचारूनच जोर-बैठकांना हात घालावा. तोवर नुसतं येऊन बसलं तरी चालेल, हे त्यांना आपण स्वतः सांगावं. पैशाची ओढाताण मलाही कळते. विजेचं बिल आहे, उस्तादांचं मानधन आहे. त्यासाठी कमावत्या सभासदांनी वर्षभर वर्गणी थोडी जास्त द्यावी. माझ्यापासून सुरुवात करा.

जुनी सभासद-वही ज्यांच्याकडे असेल, त्यांनी पानांचे फोटो मला पाठवा. दांडिया बाजार आणि रावपुऱ्यातल्या घरी मी जातो. कारेलीबाग आणि मांजलपूरसाठी कोण येतंय, ते खाली लिहा.