वॉकी-टॉकीबद्दलच्या त्या मेसेजविषयी खुलासा

‘५ वॉटचा वॉकी-टॉकी घ्या, परवाना लागत नाही, सह्याद्रीत कुठेही १० किलोमीटर रेंज’ असा मेसेज ट्रेकच्या ग्रुपांवर फिरतोय. त्यातले दोन्ही दावे चुकीचे आहेत.

केंद्र सरकारच्या २०१८ च्या नियमांनुसार ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ या फ्रिक्वेन्सीच्या पट्ट्यातले अर्ध्या वॉटपर्यंतचे, मान्यताप्राप्त सेट विनापरवाना वापरता येतात. खोक्यावर १३६–१७४, ४००–५२० असे आकडे आणि ५ वॉट लिहिलेलं दिसलं, तर तो सेट या सवलतीत बसत नाही. दुकानदार काहीही सांगो. हॅम, म्हणजे हौशी रेडिओचालक, व्हायचं तरी परीक्षा देऊन परवाना काढावा लागतो.

रेंजचं म्हणाल तर वॉकी-टॉकीच्या रेडिओ लहरी जवळपास नजरेसारख्या सरळ जातात. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावरून खालच्या बेलपाडा गावाशी बोलणं जमू शकतं, कारण मधे काही नाही. गडाच्या दुसऱ्या अंगाला, पाचनई गावाच्या बाजूला उतरलात की डोंगरच आड येतो आणि उरते खरखर. वॉट वाढवून कातळ ओलांडता येत नाही. म्हणून निघण्यापूर्वी पायथ्याशी एकाला पुढच्या वळणाआड पाठवून सेट तपासा, जादा बॅटरी ठेवा आणि बोलायच्या वेळा ठरवा.

तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. आधी पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.