व्हिडिओ मागे घेता येतो, पण...

सोलापुरातल्या पालकांच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय: "गणिताला आता शिकवणी नको. जगातला सर्वात चांगला शिक्षक मोबाइलमध्ये आहे. समजलं नाही तर मागे घ्या, पुन्हा बघा. तो चुकत नाही. डिसले गुरुजींनी क्यूआर कोडवर हेच करून दाखवलं." (डिसले गुरुजी म्हणजे आमच्याच जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या शाळेत शिकवलेले शिक्षक; पुस्तकावरचा कोड मोबाइलने टिपला की धडा उघडायचा.) मी पूर्व भागात संध्याकाळी शिकवणी घेते, म्हणजे यात माझा स्वार्थ आहेच.

आधी ते 'पुन्हा बघा'. सहावीतल्या एका मुलीने मांडलं: १/२ + १/३ = २/५. अंशात अंश, छेदात छेद. लसाविचा व्हिडिओ तिने तीनदा पाहिलेला. त्यातलं गणित तोंडपाठ, नवं दिलं की पुन्हा २/५. पोरगी कुठे अडकलीय हे व्हिडिओला दिसणार कसं? माझ्या डब्यात कडक भाकरी होती. अर्धी मोडून ठेवली, शेजारी अंदाजाने एक तृतीयांश. "आता २/५ अर्ध्याहून मोठे की लहान?" बराच वेळ गप्प. मग एकदम, "पाचाचे अर्धे अडीच. दोन म्हणजे कमीच की! टीचर, भाकरी वाढली आन् उत्तर कमी झालं!" त्यानंतर लसाविला पाच मिनिटं पुरली.

'चुकत नाही' म्हणाल, तर २०१२ मध्ये फुकट व्हिडिओ-धडे देणाऱ्या खान अकादमीच्या ऋण संख्यांच्या धड्यातल्या चुका मिशिगनच्या दोन प्राध्यापकांनी थट्टेच्या सुरात दाखवल्या आणि अकादमीचे संस्थापक सलमान खान (नट नव्हे) यांनी धडा बदलला. हा त्यांचा मोठेपणा. पण तोवर बघून गेलेल्या पोरांचं काय? शिवाय खान यांनी २००४ मध्ये सुरुवात केली ती नात्यातल्या बहिणीला फोनवर शिकवून. ती अडायची, ते विचारायचे. व्हिडिओ मागाहून आले.

डिसले गुरुजींचं नाव तर उलट्या बाजूने घेतलंय. परितेवाडीत कोड पुस्तकावर होता, गुरुजी वर्गात होते. पोरांची घरची भाषा कन्नड, म्हणून ते कन्नड शिकले. आमच्याकडे तेलुगू. 'एकोणसाठ' ऐकून पोर ६९ लिहितं, कारण घरी ते पन्नास-नऊ असतं. २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीला २१ साठी 'वीस एक' असं वाचन आणलं तेव्हा सगळीकडे टिंगल झाली. मी नाही हसले.

आलेख, भूमितीच्या रचना व्हिडिओत झकास दिसतात, मीही दाखवते. फक्त मध्येच थांबवून "पुढे काय होईल?" विचारते, आणि मोबाइल माझ्याच हातात ठेवते.