टाइमलाइनवाल्यांनो, जरा थांबा

आज ग्रुपवर पुन्हा विज्ञानकथाकार आयझॅक असिमॉव्हच्या पुस्तकांची ती रंगीबेरंगी एक्सेल शीट येऊन पडली. ‘असिमॉव्ह योग्य क्रमाने वाचा.’ योग्य म्हणजे काय, तर गोष्टीतल्या काळाप्रमाणे: आधी रोबॉटची पुस्तकं, मग साम्राज्याची, मग ‘फाउंडेशन’च्या आधीची गोष्ट सांगणारी ‘प्रील्यूड’ आणि ‘फॉरवर्ड’, आणि त्यानंतर कुठे मूळ ‘फाउंडेशन’. म्हणजे १९९३चं पुस्तक आधी आणि १९५१चं नंतर! वर सगळ्यांचे अंगठे. डोकंच फिरलं माझं.

माझ्या भाचीने असंच वाचलं. त्याच मालिकेतलं ‘सेकंड फाउंडेशन’ संपत आलं तेव्हा मी मुद्दाम समोर बसले होते. दुसरं फाउंडेशन, म्हणजे गोष्टीतली ती गुप्त संस्था, आहे कुठे, यावर तर तो सगळा शेवट उभा आहे. शेवटच्या दोन प्रकरणांची नावंच बघा: आधी ‘समाधान करणारं उत्तर’, मग ‘खरं उत्तर’. मी स्वतः पहिल्यांदा वाचताना या पानावर ताडकन उठून बसले होते. तिने पान उलटलं, जांभई दिली. म्हणाली, “मावशी, हे तर माहीतच होतं की गं.”

असणारच! ‘फॉरवर्ड’मध्ये ते आधीच फुटलेलं असतं. ते लिहिलंय उत्तर ठाऊक असलेल्यांसाठी. चाळीस वर्षं झाली होती, लपवणार कुणापासून?

फाउंडेशन उभारणाऱ्या हरी सेल्डनची तर पार माती होते. मूळ पुस्तकात हा म्हातारा जेमतेम दिसतो, आणि तो गेल्यावर संकटाच्या वेळी व्हीलचेअरवरची त्याची नुसती आकृती येऊन बोलते. माणूस नीट कळलेला नसतो, म्हणून तर अंगावर काटा येतो. तरुणपणापासूनचं त्याचं घर-संसार-दुखणं दोन पुस्तकं भरून वाचून आलात, की कसला काटा! आकृती बोलायला लागली तेव्हा भाची म्हणाली, “आला बघ आपला हरी.” आपला हरी!!

हो, माहितीये, चौदा पुस्तकांची काळानुसार यादी खुद्द असिमॉव्हनेच ‘प्रील्यूड’च्या सुरुवातीला दिली आहे. दिली असेल. सगळं एकमेकांशी जुळवायचा बेत मुळात नव्हता, हेही त्याने तिथेच कबूल केलंय. ते कुणी शीटमध्ये टाकत नाही. दुसऱ्यांदा वाचताना खुशाल काळानुसार वाचा, मजा येते. पण दुसऱ्यांदा.

जाऊ दे. इतकी चिडचिड कशाला करतेय तेही सांगते. भाचीला ती यादी मीच दिली होती. छापून, वर्षं लिहून, पेनाने खुणा करून. तिने फक्त एवढंच विचारलं होतं, “मावशी, तू पहिलं कुठलं वाचलंस?” आणि मी त्याचं उत्तर द्यायचं सोडून तिच्या हातात दोन पानी कागद ठेवला. शहाणपणा मिरवायचा होता, दुसरं काय. ती जांभई अजून डोळ्यांपुढून जात नाही.

काल ती ‘ड्यून’ या दुसऱ्या विज्ञानकथा-मालिकेबद्दल विचारत होती. १९६५चं पहिलं पुस्तक काढून दिलं. “यादी?” म्हणाली. नाही दिली.