मासे नसतात तेव्हाचं मंगळूर

जुलैत मंगळूरचं तिकीट काढलं म्हटल्यावर घरात आणि ऑफिसात मिळून सगळ्यांचा प्रश्न एकच होता. पावसात कशाला मरायला जातेस, मासे तरी मिळणार आहेत का?

खरंय, मिळत नाहीत. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. बंदरावर गेलं की शेकडो बोटी एकमेकींना खेटून बांधलेल्या दिसतात. तेवढ्यात छोट्या होड्यांनी काही आणलंच तर ते सकाळीच उडतं. म्हणजे या दोन महिन्यांत पर्यटकाच्या ताटात तुकडी पडते ती बहुतेक करून बर्फातली. आणि नेमकं हेच कारण होतं माझ्या जाण्याचं. डिसेंबरात किनारा आपल्याला काय वाढतो ते मी पुष्कळ वेळा खाल्लंय. समुद्र बंद असताना तिथली माणसं स्वतः काय जेवतात, ते मला बघायचं होतं.

एकटीच गेले. दुपारची मत्स्यगंधा एक्स्प्रेस, पावसाळी वेळापत्रक, त्यामुळे गाडी जपून चालते. रत्नागिरीच्या पुढे खिडकीत नुसतं हिरवं आणि पाणी.

उतरले होते एका जुन्या कौलारू घरात. घरच्या अक्कांनी बावीस वर्षं सायनला काढलेली, नवऱ्याचं फोर्टात कॅन्टीन होतं. मराठी आपल्यासारखीच बोलतात. पहिल्याच संध्याकाळी म्हणाल्या, "ताई, हॉटेलात कोरी रोटी खा, नीर डोसा खा, पण एक वेळ घरी जेवायचं. आटी चाललाय." (कोरी रोटी म्हणजे तांदळाची कुरकुरीत रोटी आणि कोंबडीचा रस्सा, नीर डोसा म्हणजे तांदळाचं पातळ, मऊ धिरडं.)

आटी म्हणजे तुळू, म्हणजे मंगळूरकडची भाषा बोलणाऱ्या लोकांच्या, पंचांगातला महिना, साधारण जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत. लग्नंकार्यं नाहीत, नवी नवरी माहेरी. आपला आषाढच की! पूर्वी या दिवसांत शेतात लावणी उरकलेली, घरातलं धान्य तळाला गेलेलं, समुद्र खवळलेला. मग परसातलं आणि रानातलं शोधून खायचं. अळूच्या पानांना वाटलेल्या तांदळाचा मसाला लावून उकडलेलं पत्रोडे. टाकळ्याची कोवळी पानं, ज्याला तिथे तुळूत तोजंक म्हणतात. बांबूचे कोंब. उन्हाळ्यात मिठात घालून ठेवलेले कच्च्या फणसाचे गरे, उप्पड पच्चिल. फणसाच्या आठळ्या. सुक्या मासळीची चटणी, सोबत उकड्या तांदळाची पेज. पहिला घास घेतला आणि मला कणकवलीकडच्या आजीची चूल आठवली. तीच टाकळ्याची भाजी, तीच सुकट, तोच उकडा तांदूळ. फक्त नारळ जास्त आणि मिरची ब्याडगी.

एक गोष्ट मनापासून सांगते. आपण ज्याला 'अडीअडचणीचं खाणं' म्हणतो ना, त्यात त्या प्रदेशाची सगळी अक्कल साठलेली असते. पापलेट कोणीही तळेल. मिठातला फणस दोन महिन्यांनी भाजीत कसा आणायचा, याला पिढ्या लागतात. हे पदार्थ हॉटेलच्या मेन्यूवर क्वचित येतात. आणि घरातली अक्कांच्या वयाची बाई गेली की तेही जातात. म्हणून चिडून सांगतेय, 'मंगळुरात काय खावं' म्हणून तीच पाच नावं फिरवत बसू नका. (बन्स म्हणजे केळ्याच्या गोडसर पुऱ्या आणि गोळीबजे म्हणजे मैद्याची गोल भजी, मीही रोज खाल्ले. पावसात ते खायलाच हवेत.)

आषाढी अमावास्येला, आपल्या दिव्याच्या अवसेला, तिथे आटी अमावास्या असते. अक्कांचा मुलगा उजाडायच्या आत सातविणीची साल घेऊन आला. लोखंड लावायचं नाही, दगडानं ठेचून काढायची. झाड पक्कं ओळखणाराच जातो, कारण चुकीची साल जिवावर बेतू शकते. रस काढून त्यात लसूण, मिरी, ओवा, आणि वर लालबुंद तापवलेला पांढरा दगड टाकला. चर्रर झालं, घरभर वास. उपाशीपोटी सगळ्यांनी एकेक छोटा पेला घेतला. इतकं कडू मी आयुष्यात काही प्यायले नव्हते. मागोमाग मेथीची गंजी, नारळाचं दूध आणि गूळ घातलेली. वर्षभर आजार लांब राहतात अशी तिथली श्रद्धा. मला त्या गंजीच्या वाटीत श्रद्धेहून जास्त लक्षात राहिली ती वाढणाऱ्या हातांची घाई, कडू तोंड लवकर गोड व्हावं म्हणून.

देवळं-चर्चं पाहिली. सेंट अलॉयशियसच्या चॅपलमध्ये भिंती आणि छत भरून अंतोनियो मोस्केनी या जेझुइट पंथाच्या इटालियन ख्रिस्ती धर्मबंधूनं १८९९ पासून केलेली चित्रं आहेत. बाहेर धो धो पाऊस आणि आत मी आणि एक झाडूवाल्या बाई, दोघीच. कद्रीला मंजुनाथाच्या देवळात इसवी सन ९६८ ची लोकेश्वराची कांस्यमूर्ती आहे, समोर बराच वेळ बसले. वर टेकडीवर नाथांचा जोगी मठ. सिंहस्थानंतर त्र्यंबकेश्वराहून नाथजोग्यांची झुंडी, म्हणजे जथा, पायी निघते ती इथे येते, दर बारा वर्षांनी, आणि तेव्हा मठाचा नवा प्रमुख बसतो. आपल्याकडच्या किती नवनाथभक्तांना हे ठाऊक आहे?

पावसात यक्षगानाचे, म्हणजे तिथल्या गाण्या-नाचाच्या लोकनाट्याचे, मेळे बंद असतात, जसे आपले दशावतारी दिवाळीपर्यंत घरी असतात. पण त्याचाच बैठा प्रकार, ताळमद्दळे, चालू असतं. ना वेष, ना नाच. भागवत, म्हणजे मुख्य गायक, गातात, मद्दळे-चेंडे हे ढोल वाजतात आणि कलावंत साध्या धोतरात बसून कृष्ण आणि कर्ण होतात, उत्स्फूर्त बोलून. कन्नड मला येत नाही. तरी कर्णाचा आवाज कुठे चिरला, ते कळलं. शेजारच्या आजोबांनी न विचारता हिंदीत थोडं थोडं सांगितलं. एकटं असलं की माणसं बोलतात. रात्री परतले की अक्कांचा प्रश्न ठरलेला, "ओणस आण्डा?" म्हणजे जेवण झालं का.

रात्री त्या कौलांवर पाऊस ऐकत पडायचे. १८६५ मध्ये बासेल मिशन या स्वित्झर्लंडच्या मिशनरी संस्थेनं मंगळुरात जेप्पूला कौलांचा कारखाना काढला. नेत्रावती आणि गुरुपुर नद्यांची चिकणमाती, आणि मग गलबतांनी ही कौलं कोकणभर गेली. आजोळच्या घरावर तीच होती. देवगडला उतरून बैलगाडीनं आली, असं आजोबा सांगायचे. सहा वर्षांपूर्वी मामानं ती काढून पत्रे घातले. पत्र्यावर पावसाचा नुसता गोंगाट होतो, बोललेलं ऐकू येत नाही. कौलाखाली माणसं बोलू शकतात. अक्कांच्या घरी ते पुन्हा अनुभवलं आणि फार भरून आलं.

जाणार असाल तर परतीला एक दिवस हाताशी ठेवा, दरड पडली की गाड्या थांबतात. समुद्र लांबूनच बघा.

निघायच्या दिवशी स्टेशनवरूनच मामाला फोन केला. काढलेली कौलं मागच्या पडवीत अजून रचून ठेवलीत म्हणाला, टाकवेनात. म्हटलं, गणपतीला येतेय, टाकू नकोस.