एका गाडीत तिघं

परवा आमच्या कॉलेजच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर शर्यतीच्या गाड्या चालवणाऱ्या ब्रेंडन हार्टलीचं नाव निघालं आणि एका मित्रानं एका ओळीत निकाल लावून टाकला. "एफ-वनमधून (फॉर्म्युला वनमधून) हाकललेला ना तो? संपला." पुढे दोन हसणारे इमोजी. हा मित्र अडाणी नाही. शनिवारची क्वालिफायिंग (शर्यतीत कोण कितव्या जागेवरून सुटणार ते ठरवणारी फेरी) चुकवत नाही, कोणी कितव्या लॅपला टायर बदलायला हवे होते यावर तावातावानं भांडतो. म्हणूनच जास्त लागलं. उत्तर लिहायला घेतलं, ते इतकं लांबलं की इथंच टाकतोय. ज्यांना गाड्यांच्या शर्यतीत रस नाही त्यांनी खुशाल पुढे सरकावं.

आधी या "संपलेल्या" माणसाचा हिशेब. फ्रान्समधल्या ल मां गावची २४ तासांची शर्यत त्यानं तीनदा जिंकली आहे, २०१७, २०२० आणि २०२२. एन्ड्युरन्सची, म्हणजे तासन् तास चालणाऱ्या शर्यतींची, जागतिक अजिंक्यपदं चार, २०१५, २०१७, २०२२, २०२३. आधी पोर्शे, मग टोयोटा. यातली निम्म्याहून जास्त कमाई एफ-वनमधून "हाकलल्यानंतरची" आहे. संपणं असं असेल तर मलाही संपायचंय.

मूळ गोष्ट साधी. न्यूझीलंडमधल्या पामर्स्टन नॉर्थचा मुलगा, सहाव्या वर्षी कार्टिंग, कोवळ्या वयात घर सोडून युरोपात. २००७ मध्ये फॉर्म्युला रेनो युरोकप ही तरुण ड्रायव्हरांची मालिका जिंकला आणि रेड बुल या एफ-वन संघाच्या ज्युनियर मुलांमध्ये त्याचं नाव पहिल्या ओळीत आलं. अठराव्या वर्षी टोरो रोसो या रेड बुलच्याच धाकट्या संघाच्या एफ-वन गाडीत चाचणी, मग राखीव ड्रायव्हर. आता जागा मिळणारच, असं सगळे धरून चालले होते. २०१० च्या मध्यात रेड बुलनं त्याला कार्यक्रमातून काढून टाकलं. वय वीस. त्या वर्षी त्याच्याच टीममध्ये दुसऱ्या गाडीत कोण होता? डॅनियल रिकार्डो. रिकार्डो पुढच्याच वर्षी एफ-वनमध्ये पोचला. आणि कोणाच्या जागी? एचआरटी संघात आपल्या नारायण कार्तिकेयनच्या जागी. एकाला वर ओढायचं तर दुसऱ्याला खाली उतरवायचं, अशी ती शिडी.

सिंगल-सीटरमध्ये, म्हणजे एफ-वनसारख्या एकाच माणसाच्या गाड्यांमध्ये, वाढलेल्या मुलाला पहिली शिकवण हीच मिळते. तुझा पहिला शत्रू समोरच्या संघात नाही, तो शेजारच्या गॅरेजमध्ये आहे. त्याची आणि तुझी गाडी सारखी, म्हणून तुलना फक्त त्याच्याशी. एखाद्या वळणावर ब्रेक कुठे सोडायचा याची युक्ती सापडली तर ती झाकून ठेवायची. टेलिमेट्रीत (गाडीतून संघाकडे येणाऱ्या आकड्यांत) दिसेलच, पण दिसेपर्यंत एक क्वालिफायिंग तर तुझी झाली. सीटसुद्धा तुझ्याच पाठीच्या मापानं ओतलेलं, दुसरा कोणी त्यात नीट बसू शकत नाही. आठ-दहा वर्षं या तालमीत घालवलेल्या पोराला एक दिवस सांगायचं, की आता ही गाडी तिघांची.

हे किती अवघड असतं ते मला शर्यत बघून कळलं नाही, पुणे–नागपूर स्लीपरमध्ये कळलं. झोप येईना म्हणून पुढे केबिनच्या दाराशी जाऊन बसलो होतो. रात्री दोनच्या सुमाराला एका ढाब्यावर ड्रायव्हर बदलला. मागच्या फळीवर झोपलेला दुसरा उठला, तोंडावर पाणी मारलं, सीट मागे सरकवलं, आरसे फिरवले. आणि उतरणारा त्याला म्हणाला, "ब्रेक जरा खाली धरतोय, आणि डावीकडं ओढतीय." बस. एवढंच. स्वतः चार तास त्या डावीकडे ओढणाऱ्या बसशी झगडलेला माणूस, पण तक्रारीचा सूर नाही, नुसती माहिती. ती माहिती नीट दिली नसती तर पुढच्या वळणावर आम्ही तीसजण होतो.

ल मांमध्ये नेमकं हेच चालतं, फक्त वेग तिप्पट. एका गाडीला तीन ड्रायव्हर. नियमच असा, की कोणीही सहा तासांत चारपेक्षा जास्त तास चालवायचं नाही आणि एकूण चौदापेक्षा जास्त नाही. म्हणजे एकटा हिरो होऊन शर्यत काढणं कागदावरच बंद केलेलं. साच्यातलं सीट सगळ्यांचं एक, त्यावर प्रत्येकाची वेगळी गादी. उतरणाराच चढणाऱ्याचे पट्टे बांधून देतो, ज्याच्याशी दहा वर्षं स्पर्धा करायला शिकला त्याचे. आणि गाडीचं सेटिंग तिघांपैकी कोणालाच मनासारखं मिळत नाही. एकाला मागचा भाग जरा सैल लागतो, दुसऱ्याला तो घट्ट हवा असतो. मग असं काहीतरी ठरतं, की तिघंही थोडे थोडे नाराज, पण पहाटे तीन वाजता पावसात कोणीही ती गाडी भिंतीवर घालणार नाही.

हार्टलीनं हे कुठे शिकलं? मर्सिडीजच्या एफ-वन संघासाठी सिम्युलेटरवर राबत असतानाच २०१२ मध्ये मर्फी प्रोटोटाइप्स या छोट्या आयरिश संघातून तो पहिल्यांदा ल मांला उतरला. आता आपल्या लोकांना माहीत नसलेली एक गोष्ट. पुढच्या वर्षी, २०१३ मध्ये, त्याच गाडीत त्याच्याबरोबर आपला करुण चंदोक होता. तिसरा मार्क पॅटरसन, हौशी ड्रायव्हर. चंदोकची कहाणीही तशीच. २०१० मध्ये एचआरटीनं दहा शर्यतींनंतर त्याच्या जागी दुसऱ्याला बसवलं. २०११ मध्ये लोटसकडून एकच शर्यत. २०१२ मध्ये तो ल मांला गेला आणि डेव्हिड ब्रॅबम, पीटर डम्ब्रेकबरोबर एकूण सहावा आला. सहावा! त्या दिवशी आपल्याकडच्या किती पेपरांनी चार ओळी छापल्या असतील? पण तो एचआरटीत शेवटून दुसरा यायचा तेव्हा मात्र फोटोसकट बातमी असायची.

तर रेड बुलनं काढलेला एक पोरगा, एफ-वनमधून बाहेर पडलेला एक चेन्नईकर आणि एक हौशी गृहस्थ, असे तिघं एका गाडीत. हौशी माणूस वेगात कमी असणारच, ते धरूनच चालायचं. त्यानं गमावलेले सेकंद भरून काढायचे आणि त्याच्यावर डाफरायचं नाही. मला वाटतं, हार्टलीचं खरं शिक्षण इथं झालं. त्यानं स्वतःही नंतर कबूल केलंय की अठराव्या-विसाव्या वर्षी तो एफ-वनसाठी मनानं तयार नव्हता.

२०१४ मध्ये पोर्शेनं त्याला उचललं आणि मार्क वेबर, टिमो बर्नहार्डच्या शेजारी बसवलं. ती ९१९ गाडी म्हणजे अजब प्रकार. दोन लिटरचं चार सिलिंडरचं टर्बो इंजिन, पुढच्या चाकांना विजेची मोटर, आणि दर लॅपला किती इंधन, किती वीज वापरायची याचं मोजमाप ठरलेलं. १३.६ किलोमीटरचा ट्रॅक. सरळ रस्ता संपायच्या आधीच, ब्रेकच्या खुणेच्या कितीतरी अलीकडे, पाय उचलायचा. सिंगल-सीटरवाल्याला हे म्हणजे जेवताना ताट ओढून घेतल्यासारखं. त्यात ट्रॅकवर साठेक गाड्या, निम्म्या तुमच्यापेक्षा खूप संथ. ज्या वळणावर समोर जीटी (रस्त्यावरच्या स्पोर्ट्स कारवरून बनवलेली, संथ वर्गातली) गाडी आली तिथं पाय उचलला तर वीजही वाचते आणि ओव्हरटेकही पुढे सोपा होतो. नको तिथं उचलला तर दोन्ही गेलं. हा हिशेब अंधारात, मिनिटाला दोन-तीनदा. आपल्याकडे शर्यत म्हटलं की बैलगाडा डोळ्यांसमोर येतो, काही सेकंदांत घाट पार आणि गुलाल. एफ-वनचं क्वालिफायिंग त्या जातीचं. हे वेगळंच काहीतरी आहे.

आता माझ्या मित्राच्या बाजूनं बोलतो, कारण त्याचं अगदीच चुकलेलं नाही. २०१७ मध्ये पोर्शेनं ल मांची मोहीम थांबवायची घोषणा केली, तेव्हा हार्टलीनं रेड बुलचा ज्युनियर कार्यक्रम चालवणाऱ्या हेल्मुट मार्कोंना फोन करून सांगितलं, मी आता तयार आहे. ज्यांनी काढलं त्यांनाच फोन! ऑक्टोबरमध्ये ऑस्टिनला तो टोरो रोसोत बसला. २०१८ चा पूर्ण मोसम मिळाला. गुण किती? ४. त्याच गाडीत पिएर गासलीचे २९. सिल्व्हरस्टोनला सराव करताना पुढचं सस्पेन्शन तुटून गाडी उडाली, इंजिनांच्या दंडामुळे कितीदा मागून सुरुवात करावी लागली, मोनॅकोपासूनच त्याला बदलायच्या चर्चा कानावर येत होत्या असं त्यानं नंतर लिहिलं. हे सगळं खरं. तरी २९ आणि ४ यातलं अंतर नुसत्या नशिबानं भरत नाही. एन्ड्युरन्समध्ये पक्का झालेला माणूस एफ-वनमध्ये आपोआप चालतो, असं मी म्हणणारच नाही. उलट माझं म्हणणं हेच आहे. ही दोन वेगळी कामं आहेत. एकातून दुसऱ्यात जाणं म्हणजे वरच्या मजल्यावरून खाली पडणं नाही, आणि खालून वर चढणंही नाही. मोसम संपला, त्याला पुन्हा काढलं, आणि काही महिन्यांतच टोयोटानं त्याला घेतलं. कोणाच्या जागी? फर्नांडो अलोन्सोच्या.

अलोन्सोवरून आठवलं. तो २०१८ आणि २०१९ मध्ये टोयोटातून ल मां जिंकला तेव्हा याच ग्रुपवर "खरा लेजंड, कशातही बसवा" असे मेसेज फिरले होते. तीच गाडी, तीच शर्यत, तीच सीट. दोन वेळचा विश्वविजेता बसला की पराक्रम, हार्टली बसला की पुनर्वसन.

आणि जागांचं गणितही बघा. २०२५ च्या मोसमात एफ-वनमध्ये जागा वीस. एन्ड्युरन्सच्या वरच्या वर्गात अठरा गाड्या, म्हणजे पन्नासच्या आसपास ड्रायव्हर, बहुतेकांना कंपनी पगार देऊन बसवते. खालच्या फॉर्म्युल्यांमध्ये मात्र बाप पैसे भरतो. मागे एका कार्टिंग ट्रॅकवर एक वडील भेटले. नऊ वर्षांची मुलगी छान चालवत होती. ते एकच विचारत होते, "एफ-वनला जाईल का हो?" मी म्हटलं, ल मांला जाईल कदाचित. त्यांचा चेहरा असा झाला, जणू मी डॉक्टरकीऐवजी कंपाउंडरकी सुचवली. आपला अर्जुन मैनी एफ-टू (एफ-वनच्या खालची पायरी) करून २०१९ मध्ये ल मांला उतरला, हे सांगायला गेलो तर त्यांनी विषयच बदलला.

एफ-वनमध्ये चमकलेल्या रॉबर्ट कुबिकाचं सांगितल्याशिवाय राहवत नाही, थोडक्यात सांगतो. २०११ मध्ये रॅलीत उजवा हात जवळजवळ गेला. २०१९ मध्ये विल्यम्समधून एफ-वनला परतला, अख्ख्या वर्षात एक गुण. २०२१ मध्ये ल मांच्या एलएमपी-टू या दुसऱ्या क्रमांकाच्या वर्गात त्यांची गाडी पहिली होती आणि शेवटच्या लॅपला बंद पडली. शेवटच्या! २०२५ मध्ये पिवळ्या ८३ नंबरच्या फेरारीतून तो यिफेई ये आणि फिल हॅन्सनबरोबर जिंकला. शेवटचे कितीतरी तास चाकावर तोच होता, एक हात धड नसताना, आणि मागचा पोर्शे अवघा चौदा सेकंदांवर. याला कोणी "एफ-वनमधून गेलेला" म्हणालं तर माझ्याशी गाठ आहे.

२०१७ चं मुद्दाम शेवटी ठेवलं. १८ जून, रविवार. ही तारीख तुम्हाला वेगळ्याच कारणासाठी आठवत असेल. ओव्हलवर चॅम्पियन्स ट्रॉफीची फायनल, भारत–पाकिस्तान. घरात दहा-बाराजण जमलेले, बटाटेवड्यांचा घाणा चालू. मी कोपऱ्यात मोबाइलवर ल मांचं लाइव्ह टायमिंग उघडून बसलेला. शनिवारी संध्याकाळीच हार्टली, बर्नहार्ड आणि अर्ल बॅम्बरच्या दोन नंबरच्या पोर्शेची पुढची मोटर गेली होती. ती बदलण्यात तासाहून जास्त वेळ गेला आणि गाडी पार तळाला. मी नाद सोडून जेवायला गेलो होतो. पण रात्रीत टोयोटा एकेक करून गळाल्या किंवा मागे पडल्या. सकाळी आघाडीवरचा एक नंबरचा पोर्शेसुद्धा इंजिन बिघडून ट्रॅकवरच थांबला. मग चक्क खालच्या एलएमपी-टू वर्गातली गाडी शर्यतीत पहिली. आणि तळातून आलेली ही दोन नंबरची गाडी दर लॅपला तिच्या जवळ सरकतेय. आघाडी नाही, राखायचं काही नाही, फक्त कोणी चूक करायची नाही. तिघांपैकी कोणीच केली नाही.

इकडे फखर झमान आमच्या बोलर्सना धूत होता, तिकडे तासाभराच्या आसपास शर्यत उरली असताना बर्नहार्डनं त्या एलएमपी-टू गाडीतल्या हो-पिन तुंगला मागे टाकलं. मी ओरडलो. सगळ्यांना वाटलं विकेट पडली. भारतीय वेळेनुसार साडेसहाला शर्यत संपली. रेषा ओलांडली तेव्हा चाकावर बर्नहार्ड होता. हार्टलीनं आयुष्यात पहिल्यांदा ल मां जिंकली, आणि तो गाडीत नव्हता.

बाबांनी टीव्हीवरची नजर न हलवता विचारलं, "काय रे, जिंकलं कोण तुझ्याकडे?"

"पोर्शे."

"चालवत कोण होतं?"

"तिघं."

"एका गाडीत तिघं?" असं म्हणून त्यांनी माझ्याकडे जरा संशयानं बघितलं आणि पुन्हा मॅचकडे वळले. पाकिस्तानची बॅटिंग संपत आली होती. पुढचं सगळ्यांना माहीत आहे. १५८ ऑल आउट, आणि अर्धे वडे तसेच राहिले.