‘एक जेसीबी फोडा, काम थांबतं’: नाही थांबत

तपोवनात कुंभमेळ्याच्या साधुग्रामासाठी झाडं तोडायचा विषय निघाला की नाशिकच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मजकूर हमखास फिरतो: ‘जगभरचे पर्यावरणवादी आता तोडफोडीच्याच बाजूचे आहेत. सेनापती बापटांनीही तेच केलं. एक जेसीबी फोडा, काम थांबतं. निवेदनांनी झाड वाचत नाही.’

‘जगभरचे तोडफोडीच्या बाजूचे.’ सोबत बहुधा व्हॅन गॉगच्या ‘सूर्यफुलां’वर सूप फेकल्याचा फोटो असतो. लंडन, ऑक्टोबर 2022. चित्रावर काच होती, खराब झाली ती चौकट. तरी दोघांपैकी एकाला 2 वर्षं आणि दुसऱ्याला 20 महिने कैद झाली. हे करणाऱ्या जस्ट स्टॉप ऑइल या ब्रिटिश गटाने मार्च 2025 मध्ये असे प्रकार बंद करत असल्याचं जाहीर केलं. खरी जाळपोळ करणारेही होते. अर्थ लिबरेशन फ्रंट या गटाने 1998 मध्ये अमेरिकेत कोलोरॅडोतल्या व्हेल स्की रिसॉर्टच्या इमारती पेटवल्या, नुकसान सुमारे 1 कोटी 20 लाख डॉलर. लिंक्स या रानमांजराच्या अधिवासात होणारा रिसॉर्टचा विस्तार त्यांना रोखायचा होता. तो विस्तार 2000 मध्ये खुला झाला.

‘बापटांनी तेच केलं.’ अर्धंच सांगितलंय. मुळशी धरणाविरुद्धचा सत्याग्रह 1921 मध्ये सुरू झाला तो निःशस्त्र. बापटांनी रुळांवर दगड रचून गाडी अडवली ती नंतर, सगळे मार्ग खुंटल्यावर. त्यांना 7 वर्षांची शिक्षा झाली आणि धरण झालंच. सत्याग्रहानेही ते अडलं नव्हतं, हे कबूल. पण दगडांनी अडलं, असं तर कुणीच म्हणू शकत नाही.

‘काम थांबतं.’ ठेकेदार दुसरं यंत्र आणतो, सोबत पोलीस बंदोबस्त येतो. तोडीची परवानगी कागदावर जशीच्या तशी राहते. यंत्र खासगी असेल आणि नुकसान लाखाच्या वर असेल, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 324 नुसार 5 वर्षांपर्यंत कैद. महापालिकेचं असेल तर 1984 चा सार्वजनिक मालमत्ता कायदा. आग लावली तर 10 वर्षांपर्यंत.

‘निवेदनांनी झाड वाचत नाही.’ ‘झाडे वाचवा’ एवढंच लिहिलेल्या निवेदनांनी नाहीच वाचत. लागते ती हरकत. 1975 च्या वृक्ष कायद्यानुसार जाहीर सूचनेनंतर त्यासाठी 7 दिवस मिळतात. झाडावर रंगवलेला क्रमांक, जात, जमिनीपासून 1.37 मीटरवरचा घेर, क्रमांक दिसेल असा फोटो, आणि प्रकल्पाची आखणी कुठून वळवता येईल ते: प्रत्येक झाडाची वेगळी ओळ करा. झाड 50 वर्षांहून जुनं वाटत असेल तर तसं ठळक लिहा, 2021 च्या दुरुस्तीने अशा झाडांना वेगळा दर्जा दिलाय. (वडाच्या पारंब्या घेरात धरू नका; पाहणीत पहिली चूक तीच निघते.) दोन प्रती घेऊन महापालिकेच्या राजीव गांधी भवनात जा, एकीवर आवक क्रमांकाचा शिक्का मारून घ्या. तो नसेल तर पुढे हरकत दिली होती हेच सिद्ध करता येत नाही.

परवानगी निघाली तरी 15 दिवस कुऱ्हाड लावता येत नाही. स्थगितीचा अर्ज तेवढ्यातच हवा. मुंबईतल्या आरेत मेट्रो कारशेडसाठीच्या तोडीविरुद्धच्या याचिका 4 ऑक्टोबर 2019 ला उच्च न्यायालयाने फेटाळल्या तेव्हा हे 15 दिवस उलटून गेले होते. तोड त्याच रात्री सुरू झाली. सर्वोच्च न्यायालयाने 7 तारखेला ती थांबवली, तोवर दोन हजारांहून जास्त झाडं आडवी झाली होती.